नाताळाचे बैल

नाताळ या विषयावर कार्ल्यात अधिकारवाणीनं बोलू शकेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे हनुमंतराव. लोणावळ्याच्या एका बड्या हॉटेलात त्यांनी सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली होती. दर वर्षी डिसेंबर लागला की हॉटेलचा नाताळ त्यांच्या सहीनं स्टोअरबाहेर पडायचा आणि नवं वर्ष लागलं की त्यांच्याच सहीनं परत आत यायचा. झाड, प्लास्टिकचं, एक. गोळे, लाल आणि सोनेरी, काही फुटके. हरणं, तारेची, जोडीनं. म्हातारा, दाढीसह, एक, मानेत ढिला. येशूचा जन्म कुठं झाला आणि कसा झाला, याची चौकशी करायची वेळ हनुमंतरावांवर कधी आली नव्हती, कारण ती बाब स्टोअरच्या अखत्यारीत येत नव्हती.

निवृत्त झाल्यावर हे ज्ञान वाया जाणार असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, पंचवीस तारखेला गौरवचे आईबाबा आपल्याकडं यायचं म्हणतायत. सकाळी चर्चमधली उपासना झाली, जेवणं झाली की निघू. दिवेलागणीला पोचू. चालेल ना?"

"चालेल की," हनुमंतराव म्हणाले. मग फोन ठेवून ओट्यावर येऊन बसले. समोर भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. धसकटांत एक बगळा पाय उचलून उभा होता. उचललेला पाय कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. हनुमंतरावांचंही तसंच झालं होतं.

त्याला कारण होतं. समीक्षानं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, दोन वर्षांपूर्वी पुण्यात गौरवशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं. मुलगा सज्जन, नोकरी चांगली, घर मूळचं नगरकडचं, धर्म ख्रिस्ती. हनुमंतरावांचा या लग्नाला विरोध मुळीच नव्हता. फक्त भावकीला कसं सांगायचं याचा मजकूर त्यांना सुचला नव्हता. मजकूर सुचला की सांगू, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. "जावई पुण्याचा, कंपनीत आहे," एवढंच त्यांनी गावात सांगितलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हळद नाही, मांडव नाही, गावजेवण नाही. सह्या झाल्यावर दोन्हीकडची मंडळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोसा खायला बसली. तिथं हात धुता धुता व्याही शांतवनराव सहज म्हणाले होते, "तुमचं घर बघायचं राहिलं की हो!"

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर हनुमंतरावांनी परतवला असता. तो नव्हता, म्हणून ते वाक्य गवताच्या कुसळासारखं कपड्यात अडकून राहिलं. दिसायचं नाही, पण बसता-उठता टोचायचं.

आता ते स्वतः होऊन येत होते. हनुमंतरावांनी मनाशी ठरवलं: व्याह्यांची गाडी हायवे सोडून गावात वळली की लांबूनच त्यांना कळलं पाहिजे, की या घरानं आपली वाट पाहिली. हे तोंडानं सांगणं त्यांच्यानं झालं नसतं. तेव्हा घरानं सांगावं. विजेनं सांगावं.

"दिवाळीचा कंदील माळ्यावर आहे," त्यांच्या बायको, सविताबाई, म्हणाल्या. "चांदणीचा आहे. तो लावा, झालं."

"सविता, कंदील लावला की दिवाळी होते. नाताळाला डिस्प्ले असतो. अंगणात. त्याला हरणं लागतात."

"हरणं कशाला?"

"गाडी ओढायला. गाडीत म्हातारा असतो."

"कुणाचा म्हातारा? शांतवनरावांचे वडील तर कधीच गेले."

"कुणाचा नाही. जनरल म्हातारा असतो."

सविताबाईंनी समोरच्या जनरल म्हाताऱ्याकडं एकदा नीट बघून घेतलं आणि निवडायच्या शेंगांचं सूप पुढं ओढलं.

कैलासचं लाइट डेकोरेशनचं दुकान गावातच, रस्त्याच्या कडेला होतं. पंचक्रोशीत कुणाचं लग्न आहे, कुणाच्या देवाची यात्रा आहे, हे भटजीच्या आधी कैलासला कळायचं. हनुमंतरावांनी त्याला हॉटेलातल्या नाताळाचं सविस्तर वर्णन ऐकवलं. कैलासनं ते डॉक्टर रोग्याचं ऐकतो तसं ऐकलं.

"हरनं न्हाईत भाऊ," तो म्हणाला. "मोर हायेत. हत्ती हायेत, सोंड वर-खाली करत्यात. घोडा व्हता, त्यो वडगावला वरातीत गेलाय."

"मोर नको, हत्ती नको. मला गाडी ओढणारी हरणं पाहिजेत."

"गाडी वढनारी!" कैलासचा चेहरा उजळला. "मंग आदी न्हाई का सांगायचं!"

त्यानं ताडपत्री बाजूला सारली. खालून बैलगाडा शर्यतीचा भला मोठा लाइटचा पट निघाला. गेल्या यात्रेसाठी त्यानं तो स्वतः केला होता. दोन खिलारी बैल, शेपट्या वर, नाकपुड्या फुललेल्या, मागं गाडा. प्लग लावला की पाय आळीपाळीनं पेटायचे आणि बैल जागच्या जागी घाट चढत धावायचे.

"चार पाय हायेत. शिंगं हायेत. गाडी वढत्यात. हरनात ह्याहून येगळं काय असतंय?"

हनुमंतरावांनी उत्तर शोधलं. इतकी वर्षं हरणं मोजून घेतली, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "हरणांच्या शिंगांना फांद्या असतात," ते अखेर म्हणाले.

"फांद्या काडतो की. शिंगाला लाल-हिरवी माळ गुंडाळून देतो."

"आणि गाडीत म्हातारा?"

"गाड्यात मानूस नसतोय भाऊ. आपल्या घाटात गाडा मोकळाच पळतो. म्हातारा बसवला तर शर्यतीतनं बाद."

अशा रीतीनं म्हातारा बाद झाला. बैल सुटे मिळत नव्हते. त्यांच्याबरोबर दोन हत्तींची कमान आणि मोरांची जोडी घ्यावी लागत होती. तो सेट होता. सेट मोडला की कैलासच्या धंद्याला अपशकुन व्हायचा. हनुमंतराव मान ताठ ठेवून घरी आले, पण ती ताठ ठेवायला त्यांना बरेच श्रम पडले. जिथं हरणं असायला हवीत तिथं बैल येणार, आणि व्याही जन्माचे जाणकार! पहिल्याच नजरेत त्यांच्या लक्षात येणार.

दुसऱ्या दिवशी कैलास अंगणात बांबू रोवायला लागला आणि शेजारचे धोंडिबाआबा दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर येऊन बसले. आबा भावकीतले सगळ्यांत थोरले. त्यांच्या सल्ल्याशिवाय त्या आळीत कधी खुंटी ठोकली गेली नव्हती.

"हत्तींची तोंडं घराकडं कर रं. लक्षुमी आत येती," आबा म्हणाले. कैलासनं हत्ती फिरवले. "आता पावन्याला काय हत्तींच्या पाठी दावतूस? परत फिरव." कैलासनं परत फिरवले. मोर आंब्यावर गेले, आंब्यावरून पाण्याच्या टाकीवर आले, आणि टाकीवरून "मोर काय पानी भरायला आल्यात?" असं ऐकून पुन्हा आंब्यावर गेले.

"पन हनुमंता, हे हाय तरी काय?"

हनुमंतराव इथं बोलू शकले असते. मजकूर जिभेच्या शेंड्यापर्यंत आलाही होता. "थोडी रोषणाई, आबा. पाहुणे यायचेत."

"किती?"

"दोघं. लेक-जावई धरून चौघं."

आबांनी कमानीकडं पाहिलं. "चौगांस्नी दोन हत्ती?" एवढंच ते म्हणाले आणि गडग्यावरून उतरून घरी गेले.

एवढ्या दिव्यांना घरचा मीटर पुरणार नव्हता. चार दिवसांची तात्पुरती जोडणी लागणार होती. ती आणायला हनुमंतराव इस्त्रीचा शर्ट घालून वीज कचेरीत गेले.

"कार्यक्रम कसला?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"घरगुती."

"घरगुतीला घरगुती मीटर असतो. लग्न आहे का?"

"लग्न नाही."

"यात्रा? गणपती? सभा?"

"नाताळ."

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. मग पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घातली. बराच वेळ तो यादीत खाली खाली जात राहिला. "नाताळ येत नाही यात. काय असतं नक्की?"

"जन्म असतो."

"मग बारसं म्हणा की. बाळाचा जन्मदाखला?"

"बाळ... आपल्याकडचं नाही. आणि जन्म फार पूर्वी झालाय."

"फार पूर्वी झाला असेल तर बारसं कसं धरणार?" कारकुनानं सहानुभूतीनं विचारलं. "'इतर' टाकता येतं. पण इतरला साहेब जागेवर येऊन पाहणी करतात. साहेब आहेत रजेवर, नाताळाच्या. मी सांगू का काका, लग्न टाकतो. लग्नाला कुणी नाही म्हणत नाही."

हनुमंतरावांच्या तत्त्वात हे बसत नव्हतं. पण मागं रांग होती, आणि रांगेतला प्रत्येक माणूस लग्नाच्या बाजूचा होता.

परिणामी चोवीस तारखेला दुपारी वायरमन मोटारसायकलवरून आला आणि वेशीपासून विचारत विचारत आला, "लग्नघर कुठलं? हनुमंतरावांचं?"

त्याच संध्याकाळी चाचणी झाली. सूर्य डोंगराआड गेला, गारवा खाचरांवरून सरपटत अंगणात आला आणि कैलासनं खटका दाबला.

घराच्या आढ्यावर बैल उधळले. आंब्यात मोर फुलले. हत्तींनी सोंडा उचलल्या. पन्हाळीवरून निळ्या माळा ओघळल्या आणि विहिरीच्या पाण्यात दुसरं घर उमटलं, तेही झगमगतं. गोठ्यातली म्हैस उभी राहिली, तिनं हे सगळं बघितलं आणि रवंथ थांबवला. सविताबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बाई!" त्यांच्या डोळ्यांत हिरवे-तांबडे ठिपके नाचत होते. त्या क्षणी त्या नव्या नवरीसारख्या दिसल्या, पण हे बोलायचाही मजकूर हनुमंतरावांना सुचला नाही.

पटात दोन दोष होते. डावीकडच्या बैलाचा मागचा पाय पेटत नव्हता. आणि कैलासनं फांद्या म्हणून गुंडाळलेल्या माळा शिंगांवरून कपाळावर लोंबत होत्या. त्यामुळं त्यांची हरणं झाली नव्हती. बैलांना बाशिंगं बांधल्यासारखं दिसत होतं.

मावळात लांबून दिवे बघायची एक रीत आहे. ज्या घराच्या आढ्याला माळ, त्या घरात हळद. हे कुणी कुणाला शिकवत नाही. त्यात बैलांनासुद्धा बाशिंगं. अर्ध्या तासात गावानं निकाल दिला.

तो निकाल चर्चेसह हनुमंतरावांना ऐकू आला, कारण चर्चा गडग्यापलीकडं, आबांच्या अंगणात चालली होती.

"पौषात लगीन? ह्या म्हैन्यात कोन करतं?"

"पन कुनाचं? त्याला पोरगी येकच, ती दिली कवाच."

"दिली म्हंत्यात," हा आबांच्या बायकोचा, शालूबाईंचा आवाज. "कुनी बगितली देताना? मी बगितली? तुमी बगितली? तवा कागदावर उरकलं. आता खरं लगीन हाय, आन् भावकीला अक्षद न्हाई. पुन्याचं लोक बोलावल्यात. मी त्या पोरीला पाळन्यात घातलीया, सवितीच्या आदी."

पुढचं ऐकायला हनुमंतराव थांबले नाहीत, कारण अंगणात एक मोटार शिरली होती. हायवेवरून दिवे दिसले म्हणून वळलेले मुंबईचे लोक होते. "अंकल, रूम मिलेगा?"

"जागा नाही," हनुमंतराव म्हणाले.

दुसरी मोटार आली. "जागा नाही." तिसरीतल्या बाईंना हत्तींसमोर फोटो हवा होता, तो झाल्यावर जागाही हवी झाली. "जागा नाही, जागा नाही," असं म्हणता म्हणता हनुमंतरावांच्या आवाजाला हॉटेलच्या मॅनेजरचा रुबाब चढला. नोकरीभर तो रुबाब त्यांनी स्टोअरच्या जाळीआडून ऐकला होता. आता तो आपल्या तोंडून निघताना त्यांना बरं वाटलं, हे नमूद केलं पाहिजे.

पंचवीस तारखेला सकाळी गडगा रिकामा होता. आबा आले नाहीत. दुधाच्या डेअरीवर हनुमंतरावांना पाहून माणसं दुधाच्या किटल्यांत डोकावू लागली. गिरणीवाल्यानं दळण घेतलं, पण "बसा" म्हणाला नाही.

"गाव रुसलंय," सविताबाई म्हणाल्या. "जा, आबांना सांगून या."

"काय सांगू?"

"आहे ते."

"त्याचा मजकूर अजून..."

"दोन वर्षं मजकूर शिजवताय! एवढ्यात मसूर शिजून करपला असता."

हनुमंतराव चप्पल घालून निघालेही. पण दारातच त्यांचं लक्ष वर गेलं. लंगडा बैल घेऊन व्याह्यांच्या समोर कसं जायचं? कैलास दुसऱ्या गावाला गेला होता. त्यांनी शिडी लावली. दुपारभर ते एकेक दिवा हलवत, फुंकत, चिमटीनं दाबत बसले. खाली उतरून आबांकडं जायला लागू नये म्हणून ते हे करत होते, असं सविताबाईंचं मत होतं. बैलाचं मत वेगळं नसावं, कारण त्यानं शेवटपर्यंत पाय पेटू दिला नाही.

दिवेलागण झाली. सविताबाईंनी खटका दाबला. त्याच वेळी गडग्याच्या खिंडारातून माणसं येताना दिसली.

पुढं शालूबाई, हातात ताट, ताटात हळद. मागं आळीतल्या बायका. त्यांच्यामागं दोघं जण मोठी कढई काठीला अडकवून, कुणाच्या डोक्यावर इंद्रायणी तांदळाचं पोतं. सगळ्यांत शेवटी आबा, पागोटं नवं, तोंड वाकडं.

"हनुमंता," आबा खालून म्हणाले, "तू बोलावलं न्हाईस, ते तुज्यापाशी. पन आढ्याला माळ लागल्याली आन् भावकी गेली न्हाई, आसं ह्या गावात झालं न्हाई. आमी रुसून आलोय. पन आलोय."

"आबा, अहो हे लग्न नाही," शिडीवरून हनुमंतराव म्हणाले.

"गप ऱ्हा. वायरमननं सांगितलंय."

अंगणात चूल मांडली गेली. बायकांनी पाटा धुतला. कुणीतरी म्हशीच्या कपाळाला हळद लावली. आणि नेमकी तेव्हाच वळणावरून एक पांढरी मोटार हळूहळू आली आणि कमानीखाली थांबली.

काच खाली झाली. आत शांतवनराव होते. काळा कोट, पांढऱ्या मिशा. शेजारी हिराबाई, त्यांची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून. शांतवनरावांनी हत्ती बघितले, हळदीचं ताट बघितलं, कढई बघितली. ते जे म्हणाले ते शिडीवर स्पष्ट ऐकू आलं.

"गौरव, गाडी वळव बाबा. इथं लग्न दिसतंय. आपण चुकीच्या दिवशी आलो. त्यांची पंचाईत नको."

"अहो पण बाबा, लग्न कुणाचं असेल इथं?" पुढच्या सीटवरून समीक्षा म्हणाली.

"ते आपल्याला कळवायचं असतं तर कळवलं असतं, बेटा." याही बोलण्यात टोमणा नव्हता.

गौरव आज्ञाधारक मुलगा. मोटार मागं सरू लागली. मागचे तांबडे दिवे लागले. खाली उतरायला वेळ नव्हता. एका हातानं त्यांनी बैलाचं शिंग धरलं आणि त्यांच्या तोंडून, इतकी वर्षं न सुचलेला सगळा मजकूर एका दमात बाहेर पडला.

"थांबा! लग्न आमच्याच घरचं आहे! समीक्षाचं आहे! दोन वर्षांपूर्वी झालं! मी कुणाला बोलावलं नाही, चुकलं माझं! हा गौरव, माझा जावई, ख्रिस्ती आहे! हे त्याचे आईबाप आहेत! आज त्यांचा नाताळ आहे! हे दिवे त्यांच्यासाठी आहेत! वळू नका!"

मोटार थांबली. अंगणात सगळं थांबलं. फक्त बैल धावत होते. त्यांच्या पायांची टिक टिक तेवढी ऐकू येत होती.

"आदी खाली उतर," आबा म्हणाले. "शिंग तुटंल. ख्रिस्ती हाय, हे गावाला पैल्या म्हैन्यातच ठावं झालं."

"कुणी सांगितलं?"

सगळी तोंडं सविताबाईंकडं वळली.

"शेंगा निवडायला बसलं की बोलणं होतंच," सविताबाई म्हणाल्या. "नुसत्या शेंगा किती वेळ निवडणार?"

"पैल्यांदा वंगाळ वाटलं, खोटं कशाला बोलू?" आबा म्हणाले. "मंग जुनं झालं. आमचा राग त्यो न्हाईच. पोरगी आमचीबी हाय, आन् येक घास न्हाई, येक अक्षद न्हाई, ह्यो राग हाय. आता तू सोत्ता वर चढून वराडलास, तवा निम्मा गेला. निम्मा जेवल्यावर जाईल."

"पन आबा, पौषात हळद?" मागून कुणी बाई म्हणाली.

"लगीन तवाचं हाय, पौष आत्ताचा हाय," शालूबाईंनी निकाल दिला आणि ताट घेऊन त्या मोटारीपाशी गेल्या. हिराबाई उतरल्या. दोघींनी एकमेकींना पायापासून डोक्यापर्यंत मोजलं. मग शालूबाईंनी हळदीचं बोट हिराबाईंच्या गालाला लावलं आणि सूर धरला:

"इहीन आली गं दारी, लायटींनी दिपली,
दोन वरसं कुटं बाई, ही साळुंकी लपली?"

बायका खिदळल्या. शहरातली बाई, आता गप्प बसणार, असा सगळ्यांचा अंदाज. हिराबाईंनी पिशवी समीक्षाच्या हातात दिली, पदर खोचला, ताटातली चिमूटभर हळद उचलून शालूबाईंच्या गालाला फासली, आणि नगरच्या ठसक्यात, त्याच चालीवर, उत्तर दिलं:

"लपली न्हाई गं बाई, वाट सांगाव्याची पाहिली,
व्याह्याच्या गं ओठावर, हाक अडून राहिली."

अंगण हसून हसून वाकलं. हनुमंतराव शिडीच्या शेवटच्या पायरीवर होते; तिथंच जरा वेळ थांबणं त्यांना सोयीचं वाटलं. गौरव आणि समीक्षाला पाटावर बसवलं गेलं. गौरवच्या चष्म्यालासुद्धा हळद लागली, आणि त्यातून त्याला सगळं गाव पिवळं दिसत असावं, कारण तो सारखा हसत होता.

शांतवनराव मात्र या गर्दीत नव्हते. ते मागं हात बांधून, मान वर करून, बैलांखाली उभे होते. हनुमंतरावांना वाटलं, आलीच वेळ.

"ते जरा..." ते जवळ जाऊन म्हणाले, "हरणं मिळाली नाहीत. फार शोधली. नाताळाला हरणंच लागतात, मला ठाऊक आहे."

"हरणं कशाला?"

"म्हणजे, लागतात ना?"

"हॉटेलात लागत असतील. आम्ही कधी लावली नाहीत." शांतवनराव अजून वरच बघत होते. "आम्ही गव्हाणी मांडतो, गोठ्याचा देखावा. येशूचा जन्म गोठ्यात झाला, हनुमंतराव. गोठ्यात हरीण कुठून येणार? बैल असतो."

त्यांनी समीक्षाच्या हातातली पिशवी मागवली. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली मातीची गव्हाणी होती. बोटाएवढी माणसं, बाळ, एक मेंढरू, आणि दोन तुकडे. "आईच्या वेळची आहे. तुमच्याकडं मांडावी म्हणून आणली. वाटेत खड्ड्यात गाडी आदळली आणि नेमका बैल फुटला. बिनबैलाची गव्हाणी घेऊन पहिल्यांदा व्याह्याच्या दारात कसं जायचं, म्हणून ही तळेगावपासून हळहळत होती. आणि वळणावर येतो तर आभाळात हा." ते थांबले. "धावत निघालेला. आपण आणि हा एकाच वेळी पोचतोय, असं वाटलं बघा."

हनुमंतरावांनी बैलाकडं बघितलं. त्याचा मागचा पाय अजूनही पेटत नव्हता. इतका सुंदर बैल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

आबा गव्हाणीवर वाकून एकेक बाहुली बघत होते. "गोठ्यात का झाला म्हनं? त्यांला घर न्हवतं?"

"परगावी होते. धर्मशाळेत गेले, तर जागा नाही म्हणाले."

"जागा न्हाई?" आबा ताठ झाले. "दिस भरलेल्या बाईला?"

"हो."

"आन् भावकी काय करत व्हती?"

आबांना ते प्रकरण फार लागलं. घटनेला दोन हजार वर्षं झाली असली तरी त्यांच्या कानावर ती आज आली होती. "जागा न्हाई म्हनाय जीभ कशी रेटली?" असं पुटपुटत ते अंगणभर फिरू लागले, आणि त्याच वेळी हायवेवरून वळलेली एक मोटार कमानीतून आत आली. आत चार तरुण, गळ्यात गॉगल.

"अंकल, रूम मिलेगा क्या?"

"जागा ना..." हनुमंतरावांनी सवयीनं सुरुवात केली.

"हनुमंता!" आबा असे गरजले की म्हैस उठली. "खबरदार न्हाई म्हनलास तर! हाय! जागा हाय! उतरा रं पोरांनो!"

पोरं भीतीनं उतरली. त्यांना पंगतीत बसवण्यात आलं. पुढं पत्रावळी आल्या, वाफाळता इंद्रायणी भात आला, मसुराची आमटी आली. शालूबाईंनी चौघांच्या कपाळाला हळद लावली. त्यातल्या एकानं धीर करून विचारलं, "स्विमिंग पूल है?"

"नदी हाय," आबा म्हणाले. "सकाळी दावतो. आदी जेव."

हनुमंतराव वाढायला वाकले ते वाकलेलेच राहिले. भात वाढताना आपण किती माणसांना वाढलं हे मोजायचं राहून गेलं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. स्टोअरकीपरच्या हातून असं प्रथमच घडत होतं. शेवटी शांतवनरावांच्या पानावर आमटी ओतताना शांतवनरावांनी त्यांचं मनगट धरलं.

"हनुमंतराव, घर बघितलं बरं का. फार आवडलं."

हनुमंतरावांनी वळून घराकडं बघितलं. हत्ती होते, मोर होते, बैल होते, माणसंच माणसं होती. त्या सगळ्या झगमगाटामागं घर कुठं दिसतच नव्हतं.

"आमटी घ्या अजून," ते म्हणाले.